मागच्या भिंतीकडची खोली

बुद्धाला वंदन करून मी, विश्वास धोंडिबा ओव्हाळ, वय एकोणपन्नास, धंदा वास्तुरचनेचा, राहणार बेडसे, ता. मावळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणा माणसाचे दडपण नाही. आहे ते डोंगराचे.

वरची जमीन घेणाऱ्यांनी बंगल्यांसाठी आमच्या घरामागचा उतार कापला. मी अर्ज केले. पाऊस आधी आला.

१. घर मातीचे, मी आखलेले. माती वडिलांनी पायांनी तुडवली. शनिवारी मी लोणावळ्याच्या हॉटेलात जॅझ वाजवतो, रियाज मागच्या खोलीत करतो. सॅक्सोफोनचा सर्वांत खालचा सूर लावला की मागची भिंत टेकलेल्या पाठीला थरथरलेली कळायची. आता कळत नाही. मागून पाणी मुरले आहे.

आईला, येसूबाईला, म्हटले, कान्हे गावी लेकीकडे, प्रतीक्षाकडे चल. ती म्हणाली, "तूच म्हनलातास, ह्ये घर श्वास घेतंय. आता त्याला टाकून पळू व्हय? तुला भ्या वाटतंय तर तू जा."

भीती वाटते. गेलो नाही.

२. घर व जागा मुलगी प्रतीक्षा हिला. उतार बांधून होईपर्यंत तिथे कुणी राहू नये. घर पडल्यास माती शेतात पसरावी; तिच्यात सिमेंट नाही.

३. नकाशे, ओळंबा व चुन्याच्या चाळण्या सहकारी गणेश यास. "सर, एक तरी कॉलम टाकू की," असे तो म्हणायचा. हा डोंगर कॉलमनेही अडला नसता, असे मी स्वतःला समजावतो.

४. वरची जमीन विकणारा चुलतभाऊ ओंकार यास माझी छत्री. "डोंगराला काय व्हतंय, दादा?" असे त्याने विचारले होते. ती छत्री घेऊन त्याने पावसात इथे उभे राहावे आणि वर बघावे.

५. सॅक्सोफोन प्रतीक्षाचा. पेटीत माउथपीस सापडणार नाही. तो आईच्या उशाशी आहे. तिला फुंकायला शिकवले आहे. "बदकावानी वरडतंय मेलं," म्हणून ती हसली. पण दम चांगला आहे.

६. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता वाचावे, म्हणून प्रत साक्षीदारांकडे आजच देत आहे. दरड आल्यास आधी पुढच्या खोलीचा पूर्वेचा कोपरा उपसावा. आईची खाट तिथे आहे. यंत्र मधूनमधून बंद ठेवून सर्वांनी गप्प राहावे. बदकासारखा आवाज आला तर त्या बाजूला हातांनीच उकरावे.

मी मागच्या खोलीत, भिंत आणि आई यांच्यामध्ये झोपतो. मला शेवटी काढावे.

सही : विश्वास धोंडिबा ओव्हाळ
आमच्यासमोर सही केली :
१. कोंडू धाऊ गवारी, शेजारी
२. रंजना भालेराव, शिक्षिका
बेडसे, दि. २ जुलै २०२५. पाऊस चालू.