संकल्प सोडला

प्रिय सोनिया,

माझ्या कुकरची शिट्टी तू पर्समध्ये टाकून नेलीस आणि आमच्या घराण्यानं आठवडाभर कच्चं वरण गिळलं, याची इतिहासानं नोंद घ्यावी.

लक्ष टिकत नाही, त्या एडीएचडीसाठी योगाच्या बाईंनी तुला रोज एकच वाक्य संकल्प म्हणून मनात धरायला सांगितलं: 'मी हातातलं काम पुरं करते.' परवा फोनवर म्हणालीस, "ताई, संकल्प सोडला."

"सोडणारच! तुझं काय टिकलंय गं?"

तू फोन ठेवलास.

काल शेजारच्या पूजेत गुरुजी म्हणाले, "हातावर पाणी घ्या, संकल्प सोडा." सोडला म्हणजे केला, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आज शिट्टी आली. सोबत दिवाळीपासून तुझ्या मशीनवर पडलेला माझा ब्लाउज, शिवून, हुकांसकट.

हे पत्र टाकत नाही. तुझी शाब्बासकी माझ्याकडं राहिलीय. तोच ब्लाउज घालून ती द्यायला गुलमंडीत तुझ्या घरी येतेय.

तुझी तिखट ताई