पाटावरचे हात

आप्पा, काल लंडनजवळच्या क्रॉयडनला माझ्या किचनमध्ये शाळेचा प्रोजेक्ट पसरून नातीने विचारलं, "आजी, पणजोबा इंडियन होता की पोर्तुगीज?" "होते म्हण," मी दटावलं. उत्तर टाळायला तेवढाच वेळ मिळाला.

गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं आणि आपलं गाव अगदी हद्दीवर, ओहोळापलीकडे भारत. तुम्ही तांदळाच्या पोत्यातून तिकडून स्वातंत्र्याची पत्रकं आणायचात. तुमचा सख्खा धाकटा भाऊ पोर्तुगीज पोलिसात शिपाई. मी सहा वर्षांची. काका गोऱ्या साहेबाला घेऊन स्वयंपाकघरात येतात, आईचा पाट पुढे ओढतात आणि तुमचे हात त्यावर दाबून धरतात. साहेब भोकं पाडलेल्या लाकडी थापीने मारतो. दर फटक्याला भोकांत कातडी ओढली जाते. "दादा, एक नाव सांग, सोडतील," काका रडत म्हणतात. "तुझं सांगू?" तुम्ही म्हणालात. चुलीवर भात करपला, आई हलली नाही.

पुढच्याच वर्षी भारताचं सैन्य आलं, ठाणं रिकामं झालं. लोकांनी काकांना दाव्याने बांधून आपल्या अंगणात आणलं आणि ठाण्यातली ती थापी तुमच्या हाती दिली. तुम्ही तोच पाट मागवलात. मी तोंड फिरवलं तशी ओरडलात, "इकडे बघ! डोळे मिटायचे नाहीत." काकांची बोटं मोडली. तुमचेही हात आदल्या वर्षीपासून निकामी. थापी दोनदा निसटली, दोन्ही वेळा कुणीतरी उचलून दिली. मग दोघं भाऊ एकाच घराच्या दोन टोकांना, मुठीत चमचा धरून, जन्मभर जेवलात. बोलला नाहीत.

त्या राज्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, पण काकांनी मरेपर्यंत तो कागद मागितला नाही. तो मी मागितला. पोर्तुगालच्या पासपोर्टवर तेव्हा इथे इंग्लंडला येता येत होतं आणि मुलगा घरी बसून होता. वकील म्हणाला, "बाई, आधी वडलांचा जन्म लिस्बनला नोंदवावा लागेल. वारले असले तरी चालतं." तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी सही केली आणि तुम्ही पोर्तुगालचे नागरिक झालात.

"इंडियन. लिही," मी नातीला सांगितलं. तिने तुमचा फोटो चिकटवला. "आणि प्रूफ, आजी?"

"मी बघितलंय."

तुमच्या नावाचा माझ्याकडे एकच कागद आहे, लिस्बनचा. तो मी तिच्या कोपराखालून ओढून ड्रॉवरमध्ये सरकवला. हे पत्रही त्यातच घालते. तो कागद सरकवताना मी डोळे मिटले होते, आप्पा.