मोहोळच्या शाळेचा पाया

३ एप्रिल १९७४
मी, मल्लिनाथ शिवप्पा कोरे, बी. कॉम., सोलापुरातील एका वास्तुशिल्पी कचेरीचा व्यवस्थापक. मालक बापूसाहेब (यापुढे बा. सा.) यांनी सोलापूर, मोहोळ, सांगोला या टापूत इतक्या इमारती उभ्या केल्या की त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. आता कारभार त्यांचे चिरंजीव अरविंद पाहतात. बा. सां.नीच लढाईच्या काळात बांधलेल्या मोहोळच्या शाळेचा प्रश्न मनातून हलत नाही, म्हणून हे टिपण, केवळ स्वतःपुरते.
शाळेला आणखी एक मजला हवा आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीतच. अरविंद म्हणतात, पायाचा नकाशा पाहिल्याखेरीज सही नाही. योग्यच. नकाशा सापडत नाही.

५ एप्रिल
कपाटे पुन्हा उपसली. शाळेकडील प्रत वाळवीने खाल्लेली. मोहोळचाच काय, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एकही मूळ नकाशा नाही. बा. सां.च्या पत्नी ताईसाहेब यांना विचारले. हसल्या.
"कोरे, विसरलात? नकाशे काढायचं ट्रेसिंगचं कापड कढत पाण्यात घातलं की खळ निघून जायची, हाती मऊ मलमल! तेव्हा कापड मिळत होतं कुठं? तुमच्या थोरलीचं झबलं त्याचंच की."
खरे आहे. काम पुरे झाले की नकाशा धुवायचा आणि ज्याच्या घरी पाळणा हलला त्याला कापड द्यायचे, हा कचेरीचा रिवाज. आम्ही सर्वांनी कौतुकाने नेले. कोणाच्या झबल्यात कोणता पाया गेला, कोण सांगणार?

८ एप्रिल
घरी जाताना वसतिगृह, दवाखाना, टॉकीज. तिन्ही इमारती आमच्याच. आज प्रत्येकीच्या जोत्याकडे पाहत उभा राहिलो. दवाखान्याच्या पहारेकऱ्याने विचारले, काही हरवलंय का. जेवणात लक्ष नव्हते.

९ एप्रिल
शाळेचे अध्यक्ष कचेरीत.
"बापूसाहेबांचा शबूद हाय न्हवं? मग कागुद कशाला?"
अरविंद : "शब्दावर स्लॅब टाकता येत नाही, अण्णा."
"तुमच्या वडलांनी टाकल्या की!"


१० एप्रिल
बा. सां.नी घरी बोलावून पायाच्या हमीचे पत्र तोंडी सांगितले. वाढीव मजल्याचा भार धरूनच पाया घेतला. खाली कठीण मुरूम लागला. मी लिहून घेतले. स्वाक्षरी पूर्वीसारखीच ठसठशीत.
नंतर चहा घेता घेता आपणहून म्हणाले, "मोहोळनं फार दमवलं. काळी माती संपेचना."
"साहेब, आत्ता तर मुरूम म्हणालात."
"तो सांगोल्याचा, कोरे." मग बशीकडे पाहत, "का मोहोळचाच?"
पत्र माझ्या खिशात आहे. काळ्या मातीवर वाढीव मजला पेलत नाही. हे फक्त मी ऐकले. मुले त्या छताखाली बसणार.

१२ एप्रिल
अरविंदांना सर्व सांगितले. भिंतीलगत खड्डा घेऊन पाया उघडा पाहणे, एवढाच मार्ग.
"बाबांच्या इमारतीशेजारी खड्डा? गावभर होईल. कोरेकाका, तुम्हीच विचारा त्यांना."
जे मुलाला जमत नाही ते नोकराने विचारावे. ठीक.

१३ एप्रिल
विचारले.
"माझ्या पायात डोकावणार?"
  उठावेसे वाटत होते, उठलो नाही. शेवटी म्हणाले, "मी येणार. एक खुर्ची घ्या बरोबर."

२१ एप्रिल, रविवार
मोहोळ. सकाळपासून खोदाई. बा. सा. खुर्चीवर, डोक्यावर छत्री अरविंदांनी धरलेली. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. कंबरेइतके खणून झाले. भिंतीचा दगड खाली जातोच आहे, सोबत काळी माती.
अध्यक्षांनी थट्टा केली : "काय बापूसाहेब, पाया पाताळात न्हेलाय का काय?"
बा. सा. हसले नाहीत. "खणा."
अरविंदांनी पत्र मागितले नाही, मी दिले नाही. शाळेच्या पायरीवर बसून हे लिहीत आहे.
आत्ताच खड्ड्यातून मजूर ओरडला, "दगूड सपला हितं!"
बा. सा. खुर्चीवरून उठले, कडेला गेले. "त्याच्या खाली काय आहे? मुरूम का माती, हात लावून सांग."
मजूर वाकला आहे. अद्याप काही बोललेला नाही.

म. शि. कोरे
मोहोळ, २१ एप्रिल १९७४