तोर्लैफची न उघडणारी फिल्म

फ्योर्टोफ्ट,
९ ऑक्टोबर २०१८

ति. हाल्वारदादास,
सुनिव्हाचा बेटावरून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि बोर्गहिलवहिनींच्या पोळ्या पोचल्या. पोळ्यांचा वाटेत चुरा झाला होता, पण लोणी आणि साखर लावल्यावर चुऱ्यालाही कोणी नावं ठेवत नाही. वहिनींना सांग, मी एकटीने दोन दिवसांत संपवल्या.

आता वाईट बातमी. ट्रॉनहाइमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कानामागेही गाठ आहे म्हणून सांगितलं. डावा कान असाच गेला, हे तुला ठाऊकच आहे. गाठ काढायची तर नस जाणार, नाही काढली तर मी जाणार. मी विचारलं, मग कानात मशीन बसवता येईल का. माणूस भला आहे, त्याने नाही म्हणून नुसती मान हलवली.

म्हणून एक काम सांगते. माझ्या तोर्लैफने त्या शेवटच्या उन्हाळ्यात शाळेचा कॅमेरा आणून होडीघरापाशी शूटिंग केलं होतं, आठवतं? मग आपल्या निळ्या पाठीच्या मॅक कॉम्प्युटरवर रात्रंदिवस ते जोडत बसायचा. शाळेने टेप परत घेतली आणि तिच्यावर फुटबॉलची मॅच भरली. त्या शरद ऋतूत तो जाळी काढायला गेला, आणि होडी तेवढी परत आली. लाइफजॅकेट होडीघरात खिळ्यालाच होतं. अजून आहे. त्यानंतर सतरा वर्षं मी त्या मॅकला हात लावला नव्हता.

परवा लावला. चक्क चालू झाला! फिल्म सापडली, पहिलं चित्र आलं, माझं पोर दोर हातात घेऊन उभं, तोंड उघडं, काहीतरी म्हणतंय, आणि तिथेच सगळं गोठलं. मशीनचा स्पीकरही गेलेला, मालकिणीसारखाच. तोर्लैफचा चेहरा माझ्याकडे फोटोंत भिंतीभर आहे, दादा. आवाज नाही. तो काय काय बोलायचा ते आठवतं, कसं बोलायचा ते आठवत नाही.

म्हणून पेनड्राइव्ह आणून त्यात सगळं उतरवलं. त्यात कसल्याशा विचित्र नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची एक चिमुकली जुळी तयार झाली होती, त्याच नावाची. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तो सगळा केर मी पुसून टाकला. शनिवारी गावचा सफाईचा दुग्नाद होता, दरवर्षीचं श्रमदान, अख्खं बेट झाडू घेऊन बाहेर. धक्क्यावर कंटेनर ठेवला होता, त्यात मॅकही टाकला. सुनिव्हा अडगळ साठवते असं आता कोणी म्हणायला नको.

पेनड्राइव्ह सोबत आहे. तुझ्या दुकानात जुना मॅक आहे आणि तुला देवाने कान दिलेत. माझ्या फोनवर वाजेल असं काहीतरी करून दे. ऑपरेशनच्या आधी.

तुझी माया आहे ती असू दे, आणि या वेळी थोडी घाईही असू दे.

तुझी,
सुनिव्हा


ऑलेसुन,
२१ ऑक्टोबर

चि. सुनिव्हा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, दुकानात गेलो आणि एक पियानो सुरात लावून ठेवला. लावून झाल्यावर लक्षात आलं की तो सुरातच होता.

मग मॅक उघडला. तो गिऱ्हाइकांच्या नोंदींपुरता ठेवलेला, तुझ्या पेनड्राइव्हकडे त्याने पाव्हण्याकडे बघावं तसं बघितलं. म्हणतो, ही फाइल ओळखीची नाही. मी म्हटलं, लेका, मी दुसऱ्यांचे पियानो पाठीवर घेऊन जिने चढत या धंद्यात आलो, आज नुसत्या पट्ट्या ऐकून सांगतो की घरात ओल किती आहे आणि मुलं किती आहेत. आणि तुला एक फिल्म ओळखता येईना? फाइलीच्या नावाला शेपूट नव्हतं, ते जोडून पाहिलं. एक प्रकार बदलून दुसरा करणारे प्रोग्रॅम आणले, फुकटातले आणि विकतचे. एकाने सुरुवातीलाच हात वर केले. दुसऱ्याची पट्टी थेट शेवटापर्यंत भरत गेली, मी देवाचं नाव घेतलं, आणि हातात काय आलं? काळाकुट्ट पडदा, तोही मुका.

जावयाचं मत, हा मॅक समुद्रात टाका आणि नवा घ्या. त्याच्या नव्यावरही पाहिलं, नव्याला तर जुन्याची भाषाच येत नाही. बोर्गहिल म्हणते, तुम्ही आणि तो मॅक एकाच वळणाचे, तापायला वेळ लावता आणि तापल्यावर कशासाठी तापलो ते विसरता. म्हणते आणि दर तासाला कॉफी आणून ठेवते. तीही भाच्यागत वागवत नसे तोर्लैफला, पोटच्यासारखं वागवायची, हे तुला सांगायला नको.

इथे जुन्या मॅकवाल्यांचं एक मंडळ आहे. प्रार्थनाघराच्या तळघरात भरतं. प्रमुख राग्नफ्रीद नावाच्या बाई, कॉलेजात गणित शिकवायच्या. अजूनही समोरचा नापास होणार अशा नजरेने बघतात. त्यांच्याकडे जातोय.

धीर धर. मासे बरोबर खात जा, नुसत्या कॉफीवर राहू नकोस.

तुझा भाऊ, जो तुला लहानपणी रडवायचा आणि मग खांद्यावरून फिरवायचा,
हाल्वार


फ्योर्टोफ्ट,
११ नोव्हेंबर

ति. दादास,
नमस्कार. वि. वि.

तारीख आली. पंधरा जानेवारी. आजकाल सगळं पाण्याखालून ऐकू येतं. पाद्रीबाबांचं प्रवचन बुडालं त्याचं दुःख नाही, पण चुलीवरच्या किटलीचं आहे, दोनदा जाळली.

वारा पश्चिमेचा असला की होडीघरात जाऊन बसते. तेव्हा समुद्र थोडा ऐकू येतो. एरवी नुसता दिसतो.

फिल्मबद्दल तू गप्प आहेस. जमत नसेल तर जमत नाही म्हण. उगाच गोड लिहू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी कान लालभडक व्हायचे आणि आई तिथूनच पकडायची. पत्रात मला कान दिसत नाहीत, एवढाच काय तो तुझा फायदा.

वहिनींना नमस्कार. लोभ ठेव आणि खरं लिही.

सुनिव्हा


ऑलेसुन,
२५ नोव्हेंबर

चि. सुनिव्हा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

मंडळात जाऊन आलो. पाच म्हातारे, एक म्हातारी आणि वॉफल भाजायचं एक यंत्र. मला वाटतं मॅक हे निमित्त आहे, खरी भक्ती वॉफलवर. एकाने मला विचारलं की तुझा मॅक कोणत्या सालचा. सांगितल्यावर त्याने, दुसऱ्याच्या नातवाचं करावं तसं, कौतुक केलं.

राग्नफ्रीदबाईंनी मात्र चष्मा चढवून फाइल आतून उघडली. पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या ओळी, पाऊस पडावा तशा. बराच वेळ बघून त्यांनी मला दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात. त्या चिमुकल्या जुळ्या फाइली तू खरंच पुसल्यास, की कुठे बाजूला ठेवल्यास? आणि तो कंटेनर अजून धक्क्यावर आहे का? सहज विचारताहेत. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारल्याशिवाय वॉफल पचत नाही.

उलट टपाली कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा


फ्योर्टोफ्ट,
१ डिसेंबर

ति. दादास,
नमस्कार. वि. वि.

पुसल्या. केराची टोपलीही रिकामी केली, मी कामं अर्धी ठेवत नाही. पेनड्राइव्हवर मग वाचनालयातले मासे खारवायचे व्हिडिओही भरून पाहिले होते, नीट चालतोय ना म्हणून. तेही नंतर काढले.

कंटेनर त्याच आठवड्यात बोटीने गेला. तुझं पत्र आल्यावर नगरपालिकेत फोन केला. तिथल्या पोराचं बोलणं कळेना म्हणून शेजारच्या ओद्वेगला धरून बसवलं. तिने पाटीवर लिहून दाखवलं की तो माल केव्हाच चेपून भट्टीत गेला.

दादा, बाई हे का विचारताहेत? काय होतं त्या जुळ्यांमध्ये?

सुनिव्हा


ऑलेसुन,
३ जानेवारी २०१९

चि. सुनिव्हा हिस,
नव्या वर्षाचे आशीर्वाद. वि. वि.

काही नव्हतं गं. त्या काळच्या मॅकच्या फाइलींची जातच विचित्र, एवढंच. दोष जातीचा. फिल्ममध्ये चित्राचे तुकडे आणि आवाजाचे तुकडे एकाआड एक भरलेले असतात आणि कुठला तुकडा कुठे, किती लांबीचा, हे सांगणारा एक तक्ता असतो. आपल्या फाइलीत तक्ता नाही. पियानो पोत्यात भरून आणावा तसं झालंय: तारा आहेत, हातोड्या आहेत, सगळं आहे, पियानो नाही. कोणीही उतरवली असती तरी हेच झालं असतं.

तुला खरं हवं होतं, तर घे: पंधरा तारखेच्या आत होणार नाही. बाई म्हणतात चित्राचा नाद सोडा. आवाज, तोही चिंधड्या, कदाचित निघेल, कदाचित नाही. तक्त्याशिवाय एकेक तुकडा कानाने ओळखून वेगळा करावा लागेल. ते मी करतोय. जमलं नाही, सुनिव्हा. वेळेत जमलं नाही.

मी आणि बोर्गहिल चौदाला ट्रॉनहाइमला पोचतो. खोलीत पियानो नसेल, तेव्हा मी गाईन. तुझा कान अगदी आनंदाने निरोप घेईल.

तुझाच,
दादा


ऑलेसुन,
१७ मार्च

चि. सुनिव्हा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

टाके सुकले आणि तू घरी चालती-फिरती आहेस हे ओद्वेगच्या पत्रावरून कळलं. तू स्वतः लिहीत नाहीस. समजू शकतो. पण हे पत्र बसून वाच.

आवाज निघाला. सगळा नाही. पत्र्यावर खडी ओतावी तशी खडखड, ते चित्राचे तुकडे. मध्येच श्वासाएवढा स्वच्छ तुकडा. असे तुकडे जोडत गेलो. तुला ऐकवता येत नाही, तेव्हा मी ऐकतो आणि लिहितो.

आधी वारा. कॅमेऱ्याच्या तोंडात शिरलेला, पश्चिमेचाच असावा. एक सीगल, दोनदा. तुमच्या होडीचं ते रडकं इंजिन, डावीकडच्या जाड तारांमधल्या एखाद्या ढिल्या तारेसारखं. मग तू. कॅमेरा तुझ्या हातात होता बहुतेक, कारण तू सगळ्यांत मोठ्याने आहेस. आधी सूप गार होतंय म्हणतेस. मग बूट. मग म्हणतेस, जॅकेट घाल, तोर्लैफ, मी काय भिंतीशी बोलतेय का.

मग खडी. आणि खडीनंतर, सुनिव्हा, कापडाची सळसळ, आणि स्पष्ट, टक्‌, बक्कल लागल्याचा आवाज. मी पुन्हा पुन्हा ऐकला. मागोमाग तो. म्हणतो, झालं, आई, आता खूश? हसत म्हणतो. आवाज आपल्या बाबांच्या पट्टीतला, फक्त गंज न चढलेला. शेवटचा शब्द जरा वर नेऊन सोडून देतो, झोका सोडावा तसा.

त्याने तुझं ऐकलं होतं. तेव्हा तरी ऐकलं होतं.

बोर्गहिल पोळ्या पाठवतेय, या वेळी डब्यात. लिही. चार ओळी लिही.

तुझ्या ओळींचा भुकेला,
दादा


फ्योर्टोफ्ट,
३० मार्च

ति. हाल्वारदादास,
नमस्कार. वि. वि.

पोळ्या अखंड पोचल्या. चुऱ्याच्या जास्त चांगल्या लागायच्या.

शांतता कशी असते म्हणून सगळे विचारतात, पाटीवर लिहून. मी म्हणते, बर्फ पडल्यावर असते तशी, फक्त वितळत नाही. मी हल्ली फार मोठ्याने बोलते म्हणे. ओद्वेग हाताने खाली खाली करून दाखवते.

तुझं पत्र घेऊन होडीघरात गेले आणि जॅकेट खिळ्यावरून काढलं. पहिल्यांदाच. दादा, त्याला बक्कल नाही. ते बाबांचं जुनं जॅकेट, आमच्याकडे तेवढं एकच, त्याला नाड्या आहेत. त्यातल्या दोन मीच शिवलेल्या, काळ्या दोऱ्याने. तुझे कान आता इतके तिखट झाले की नसलेलं बक्कलही वाजतं.

सूप आणि बूट खरे असतील. ते मी रोजच म्हणायचे. भिंतही खरी. पुढचं मी विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस.

आणि ती जात-बीत राहू दे. तक्ता त्या जुळ्यांमध्ये होता, आणि त्या मी पुसल्या. तू कंटेनरचं विचारलंस तेव्हाच शंका आली होती, ‘काही नव्हतं गं’ वाचून खात्री पटली. तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहिलं नाही.

जॅकेट मांडीवर घेऊन पत्र पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. झोक्यासारखा आवाज, असं तू लिहिलंयस. आठवून बघितला. नाही आला.

तरी लिहीत जा. आणि पुढच्या वेळी नाड्या बांध, दादा. नाड्यांचा आवाज होत नाही. कोणाला पकडताही येणार नाही.

तुझा लोभ आहे तसाच राहो. हे वाचताना कान लाल झाले का, ते वहिनींना कळवायला सांग.

तुझी,
सुनिव्हा