पिस्तुलाला खोबरेल

२३ नोव्हेंबर १९५८, रवि. कुणकेश्वर
काल मुंबईहून परत. पिस्तूल आणलं. एवढंसं आहे, कोटाच्या आतल्या खिशात मावतं, पण खिसा एका अंगाला ओढतो. दुकानदार म्हणाला, "शेठ, नवं पिस्तूल नव्या वहाणेसारखं, आधी चावणार. पन्नासेक गोळ्या उडवून रुळवा, मग त्याच्यावर भिस्त ठेवा." परवान्यावर गोळ्या मिळाल्या मोजक्या. रुळवू कशाने, कपाळाने?
हिने हातसुद्धा लावला नाही. "देवाच्या खोलयेत ठेवू नकात," एवढंच.

२६ नोव्हें.
गावावरच्या कातळावर, सड्यावर जाऊन पहिले बार काढले. दगडावर नारळ ठेवून. पहिली गोळी कुठे गेली देवाला ठाऊक. दुसरी सुटली, पण रिकामं काडतूस बाहेर न पडता वरच अडकलं. ओढून काढताना अंगठा सोलला.
घाण्यावर तेल काढणाऱ्या माणसाला हे धंदे कोणी सांगितले होते? पण गत्यंतर नाही. गावातल्या होडीवाल्या दाजीने गोव्याची चोरटी दारू उतरवताना नाक्यावरच्या शिपायाला वल्ह्याने घातलं, ते पाहिलेले आम्ही चौघे. शिपाई मेला. दाजी जामिनावर मोकळा. तिघांना आता काहीच आठवत नाही. उरलो मी. जानेवारीत रत्नागिरीच्या कोर्टात साक्ष.

७ डिसें.
दाजी स्वतः घाण्यावर आला. दोन शेर तेल घेतलं, बोट बुडवून वास घेतला. गोड बोलला. "अण्णानू, तेल चोख आसा तुमचा." मग जाता जाता, "रत्नागिरी लांब पडता. तळेऱ्याक गाडी बदलूक लागता, न्हय?" आणि माझ्या कोटाकडे बघून हसला.


१५ डिसें.
पिस्तुलाच्या तेलाची मुंबईची बाटली फुटली. पिस्तूल अजून अडतंच. आली का पंचाईत! म्हटलं, घरात डबेच्या डबे भरलेत आणि मी तेलासाठी रडतोय? घाण्याचं ताजं खोबरेल घेऊन आतबाहेर सढळ हाताने चोपडलं. वा! वरचा भाग असा सरकतो की बोटाने ढकलावा. सड्यावर दोन बार काढले, एकही अडला नाही. चार गावांची डोकी आणि निरांजनं ह्या तेलावर चालतात, पिस्तुलाला काय धाड भरलीय?

२८ डिसें.
मागीलदारी विहिरीचा दोर तुटून कळशी तळाला. ही म्हणते, "जुनो दोर, तुटलो आसतलो." जुना होता हे खरं. पण तुटलेलं टोक कसं पिंजलेलं असतं. हे नव्हतं.
आजपासून पिस्तूल भरून उशीखाली. ही कूस वळवून म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

९ जाने. ५९, शुक्र.
हात चालत नाही, तरी लिहितो.
आठवडाभर हीव फार. पहाटे तोंड धुवायला मागीलदारी गेलो. धुकं. विहिरीच्या अलीकडे माणूस उभा, डोक्यावरून कांबळं. "कोण?" म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. तो एक पाऊल पुढे आला. मी कोटातून पिस्तूल काढलं आणि चाप ओढला.
टक्.
बार झाला नाही. कांबळं खाली पडलं. विनू! माझा धाकटा भाऊ. साक्षीला सोबत म्हणून मुंबईहून न कळवता आलेला. लहानपणापासून ही खोड, लपायचं आणि मला दचकवायचं. पोट धरून हसत होता. "आवशीचो घो! अण्णा, माकाच मारतलस काय रे? भरलेला तरी आसा काय ता?"
"नाय," म्हटलं.
भरलेलं होतं.

१० जाने.
पिस्तूल उघडलं. आत खोबरेल थिजलेलं, पांढरं, घट्ट. घोड्याची सुई त्यातच रुतलेली. रोज सकाळी गिऱ्हाइकाला मीच सांगतो, थंडीचं थिजलंय, उन्हात ठेवा. आणि मलाच कळू नये!
काडतुसाच्या बुडाला तांदळाच्या कणीएवढा खोमा. थोडा खोल असता तर.
हिला सांगितलं. ती खालीच बसली. मग उठून देवाला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. बाहेर येऊन म्हणाली, "ता पिस्तूल दर्यात टाका."
"आणि तळेऱ्याक दाजीची माणसं भेटली तर?"
ती उठून चुलीकडे गेली. 

१३ जाने.
सगळं रॉकेलने धुऊन काढलं. कोरडं केलं. सड्यावर नेलं. एकदाही अडलं नाही, नारळाच्या दोनदा ठिकऱ्या. रुळलं म्हणायचं. दुकानदार खूश झाला असता. मी मात्र परत येताना आपलं बोटच बघत होतो. अडलं होतं ते पिस्तूल. माझं बोट कुठे अडलं होतं?
विनूला खरं सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. तो आपला ताटावर बसून मुंबईच्या गमती सांगतोय, हिला हसवतोय. "वैनी, अण्णान माका बगून पिस्तूल काडल्यान गे!" ही हसली नाही. तो म्हणे, "वैनीक काय झाला?"
नाही सांगता आलं.

१८ जाने., रवि. पहाटे
निघायचं. उद्या साक्ष. देवगडपर्यंत पायी, मग गाडी, तळेऱ्याला बदलायची. काल सांजेला बाजारात दाजीच्या होडीचा तांडेल दिसला. मान हलवून "येतास मा?" म्हणाला.
विनू म्हणतो, "मी कंदील घेवन फुडे चलतंय. तू मागसून ये. कोण इलोच, तर आदी माका बगतलो." वेडा आहे. जीव लावतो मेला.
त्याला बजावायला हवं, आज वाटेत थट्टा नको, लपाछपी नको. का म्हणून विचारील. विचारू दे. आज सांगतोच.
पिस्तूल भरून समोर ठेवलंय. ही चहा करतेय, माझ्याकडे बघत नाही.
विनू कंदील घेऊन अंगणात गेला. शीळ घालत होता. आत्ता थांबली. उजेडही दिसत नाही.
दोन हाका मारल्या. ओ देत नाही.
बाहेर जातो. हे घेऊन जाऊ की ठेवून?