उजव्या बरगडीखालचा पाहुणा

३ मार्च, सकाळी ११
हॉस्पिटलमधून फोन आला. पेशी मिळाल्या. दोन वर्षं यादीत नाव होतं. हिने बॅग भरली. मी ती उपसून पुन्हा भरली. मी एकदम शांत आहे. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात हिची, हे लिफ्टमध्ये कळलं. घाईत कुणाचंही होतं.

४ मार्च
झालं. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन. उजव्या बरगडीखालून बारीक नळी, वर टांगलेली पिशवी, तिच्यात गढूळ पाणी. डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आहेत, एका गेलेल्या माणसाच्या स्वादुपिंडातल्या. तुमच्या स्वतःच्या तुमच्याच शरीराने शाळेत असताना मारून टाकल्या. ह्या आता यकृतात मुक्काम करतील. पाऊण तासात पिशवी रिकामी. कुणाच्या, म्हणून विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. मला तरी कुठे जाणून घ्यायचंय? सहज विचारलं.

९ मार्च
घरी. संकल्प:
शरीराने परक्या पेशींवर हल्ला करू नये म्हणून जन्मभर गोळ्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मिनिट चुकणार नाही.
दोन महिन्यांत इन्सुलिन बंद.
जूनमध्ये पुन्हा गाडीवर, शिकवायला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना फोन केला. बघू म्हणाले. म्हणजे हो.

गाडी सुटली त्या गोष्टीला वर्ष झालं. साखर उतरली तरी मला कळायचंच नाही. ना घाम, ना थरथर. एका शिकाऊ बाईंना चौकातलं वळण शिकवता शिकवता शुद्ध गेली. माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय माझाच होता, पण मी नव्हतो. बाईंनीच गाडी कडेला घेतली. शिकवलं नीट होतं म्हणून. तेव्हापासून मी ऑफिसात फॉर्म भरतो. तात्पुरतं.

२ एप्रिल
इन्सुलिन ३४ युनिटवरून १२ वर. पाहुणा रुळला. मी त्याला पाहुणा म्हणतो. त्याचा विचार मात्र अजिबात करत नाही. ऑफिसात पेपरमधलं निधनवार्तांचं पान वाचतो, ते सामान्यज्ञान म्हणून. मार्चच्या सुरुवातीचे चार जण कापून ड्रॉवरमध्ये ठेवलेत. त्यातला मिशीवाला, हसरा, तोच असावा.

७ मे
इन्सुलिन बंद! एकोणतीस वर्षांनी! ही रडली. मी रडलो नाही. बाथरूममध्ये नळ सोडून तोंड धुतलं. बराच वेळ.

१९ मे
घरात एकटा असलो की उजव्या बाजूला कुणीतरी ऐकत बसल्यासारखं वाटतं. बोलत काही नाही. आज दाढी करताना एकदम मिशी ठेवावीशी वाटली. मला मिशी कधी आवडली नाही. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्याला विचारतो. मनातल्या मनात. हिने काल विचारलं, कुणाशी पुटपुटताय? म्हटलं, हिशेब.

४ जून
तोंडात फोड, हात कापतात. गोळ्यांचे प्रताप. पाहुण्याला त्या मानवत नाहीत हे उघड आहे. आणि तीन महिने एका घरात राहिल्यावर कुणी परकं राहतं का? संध्याकाळची गोळी अधूनमधून वगळून बघतो. हिला सांगायचं कारण नाही. डॉक्टरांना तर नाहीच. त्या बिझी असतात.

२८ जून
उपाशीपोटी साखर १७२. स्ट्रिप जुन्या असणार.

१ जुलै
नव्या स्ट्रिप. १८८. मशीन बिघडलं.

६ जुलै
नवं मशीन. २१०. हवा बदलली आहे.

११ जुलै
उजवी बाजू गप्प आहे. नेहमीची गप्प नव्हे, वेगळी. घर सोडून गेल्यासारखी. दुपारी हळूच हाक मारली. स्वयंपाकघरातून हिने ओ दिली.

२० जुलै
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर? म्हटलं, माझ्याकडे बघून घड्याळ लावून घ्या. त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. रक्तात गोळीचं प्रमाण किती, ते त्यात येतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर जोरात सांगितलं नव्हतं. बऱ्याच पेशी गेल्या, म्हणाल्या. थोड्या आहेत, त्या तरी सांभाळा. इन्सुलिन पुन्हा सुरू.
घरी आलो. कुलूप उघडताना ही म्हणाली, तो माणूस आधी एकदा मेला होता ना?

१२ ऑगस्ट, दुपारी ४
फॉर्म भरताना कपाळाला घाम, ओठ बधिर. तपासलं. साखर ६१. म्हणजे मला कळलं! वेळेत! आतून कुणीतरी दार वाजवल्यासारखं. साखर खाल्ली. मालकांना सांगायला उठलो. मग परत बसलो.

५ सप्टेंबर
हॉस्पिटलच्या अवयवदान-समन्वयक बाईंनी बोलावून पत्र दिलं. दात्याच्या घरून. नाव-गाव खोडलेलं. मुलीचं अक्षर. आई शिवणकाम करायची, लिहिलंय. कुणाचं माप एकदा घेतलं की पुन्हा टेप लावावी लागायची नाही. आईचं कुणाकडे काही असेल तर ते नीट आहे ना, एवढंच कळवा.
आई.
मी सहा महिने एका मिशीवाल्याशी बोलत होतो. ती बिचारी ऐकत होती.

६ सप्टेंबर
उत्तर लिहायला बसलो. काय लिहू, हिला विचारलं. खरं ते लिहा, म्हणाली. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, तुमच्या आईचं माझ्याकडे सगळं नीट आहे, मी खूप जपतो.
समन्वयक बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. डोळे टिपले. किती बरं वाटेल हो तिला, म्हणाल्या. पाकीट चिकटवलं.
घरी आलो. खोटं का लिहिलं त्याचं कारण इथे लिहायला बसलो. तास झाला. एकही सुचत नाही.