बोर्डावरचं कुंकू

मंगळ, ९ सप्टें.
कॉम्प्युटर परत अडकला. लग्नाच्या अल्बमचं तिसरं पान उघडलं की पडदा पांढराफट्ट. खानापूरचे फोटोवाले पाटील फोनवर: "वहिनी, आता फोटो मोठे येतात. तुमच्या डब्यात मावत न्हाईत. दसऱ्याच्या आत अल्बम द्या, न्हाईतर बेळगावात देतो." माझ्या कॉम्प्युटरला डबा म्हणाले. लागलं मला. याच डब्यावर त्यांच्या किती नवऱ्या सजवल्या. काम एकदा बेळगावात गेलं की परत रामनगरला कशाला येतंय? आणि माझ्याकडे दुसरं काम नाही.

गुरु, ११ सप्टें.
स्टँडजवळच्या मंजुनाथकडे गेले, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलायला लागणार, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. मॉनिटर, कॅबिनेट आहे तेच. माझी ऐपत सांगितल्यावर गणित बदललं. प्रोसेसर जुना घालू, बोर्ड मात्र नवा. "बोर्ड जुना घेऊ नका अक्का. मागितला तरी मी देणार न्हाई." एवढा सज्जन? मग हळूच, "पॉवर सप्लाय पण बदला. जुना हाय, झेपणार न्हाई त्याला." आलंच. बाई एकटी आली की यादी वाढतेच. पॉवर सप्लायला नाही म्हटलं.

शनि, १३ सप्टें.
सासूबाई अडून बसल्या. "पक्षात नवं काय घरात आणू नये." पितृपक्षात दुकान रिकामं, म्हणून तर मंजुनाथ भावात खाली आला. ते त्यांना काय सांगणार. म्हटलं, "आत्ती, नवं कुठलं, सगळा जुनाच माल हाय." "मग चालतंय." सुटले.

सोम, १५ सप्टें.
मं. स्वतः आणून जोडून गेला. पूर्वी बटण दाबून मी चहा ठेवायचे. आज चहाला आधण यायच्या आत पडदा हजर. खूश व्हायला पाहिजे होतं. पण एवढ्या पैशात एवढं कसं बसवलं यानं? नव्या बोर्डाचा खोका मागितला, तर "दुकानात राहिला अक्का, देतो नंतर." नवी वस्तू दिली की खोका आधी देतात. याचाच कसा राहतो?

बुध, १७ सप्टें.
अर्धी पानं झाली. सेव्ह करताना अचानक बंद. धूर नाही, वास नाही. घरात लाईट आहे, पंखा फिरतोय. दुपारी परत तसंच. परत.

गुरु, १८ सप्टें.
सासूबाई बाजारात गेलेल्या बघून कॅबिनेटचे स्क्रू काढले. मोबाईलवर बघून शिकले. आत उजेड मारला. बोर्डाच्या कडेला, स्क्रूजवळ, कुंकू! सांडलेलं नाही, बोटानं टेकवलेलं. शेजारी हळदीचा ठिपका. नवा बोर्ड म्हणे! कुणाच्या तरी घरात खंडेनवमीला पुजून आलाय हा. मनात पाल चुकचुकत होती ती काय उगाच?

झाकण लावलं आणि तडक दुकानात. गिऱ्हाइकं होती. जे बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटचं मात्र, "बाईमाणसाला काय कळतंय असं वाटलं व्हय तुला?" तो लालबुंद. "नवाच दिलाय अक्का. कुंकवाचं मला काय म्हाईत न्हाई. इश्वास नसंल तर दुसरीकडं न्या." दुसरीकडं कुठं? डबा काखेत मारून बसनं खानापूर?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, बोर्ड जुना निघाला, आत कुंकू आहे. "मग? तूच म्हणालीस की जुनाच माल हाय म्हणून!"
कपाळ माझं.

शनि, २० सप्टें.
पाटलांचा फोन. "झालंच," म्हटलं. कुठलं झालंय. चार फोटो लावले की बंद. हे गोव्याला कामाला. फोन करून सगळं सांगितलं, तर नवरा म्हणतोय, "तुला जग सगळं चोरच दिसतंय." फोन ठेवून रडले. रागानं. मागं वळले तर दारात सासूबाई.

रवि, २१ सप्टें. सर्वपित्री
वडे तळता तळता सासूबाई एकदम म्हणाल्या, "ते कुंकू म्या लावलंय."
"कुठलं?"
"त्या डब्यातलं. पक्षात आलेलं, म्हणून. तू दळणाला गेलीस तवा उघडून आत लावलं. भाईर लावलं असतं तर तू वरडली असतीस."
या बाई मोबाईल वाजला तरी हात पुसून लांब उभ्या राहतात. "उघडलं कसं?"
"उघडलं कसंतरी. तू जा, त्याला सांग म्हातारीची चूक झाली म्हणून. काम घालवून बसू नको."
वडा करपला.

मंगळ, २३ सप्टें.
गेले. दुकानाच्या दोन फेऱ्या मारल्या, आत कोणी नसेल तेव्हा शिरायचं म्हणून. मग वाटलं, भांडले चारचौघांत, आता तोंड लपवून कशाला? गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं, सासूबाईंनी लावलं, माझं चुकलं. मं. बघतच राहिला.
"आत लावलं?"
"आत."
जरा वेळ काहीच नाही. मग, "असू दे अक्का."
तेवढंच. ते मधलं गप्प राहणं मला पटलं नाही. रागावायचं तरी, नाहीतर हसायचं तरी.

दुपारी आला. कुठल्यातरी मशीनचा काढलेला पॉवर सप्लाय बसवला. "चालतोय का बघा आधी, पैसं मागनं द्या." एवढा मऊ का वागतोय?

शनि, २७ सप्टें.
मशीन एकदाही बंद पडलं नाही. म्हणजे पॉवर सप्लायचं तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. ते मान्य. अल्बम गेला. पाटील खूश. "वहिनी, डबा बदलला काय?" अजून दोन लग्नं देतायत. हायसं वाटलं, फार. सासूबाईंना सांगितलं तर "बरं झालं" म्हणून भाकरी थापायला बसल्या.
खोका अजून आलेला नाही.

बुध, १ ऑक्टो. खंडेनवमी
कोयता, विळी, मिक्सर पुजून झालं. सासूबाई ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी आल्या. म्हटलं, ह्या वेळीपण आतच लावू या. स्क्रू काढले, बाजूचं झाकण सरकवलं. सासूबाई ताटासकट मागं सरकल्या.
"अगं बाई! हे उघडतंय व्हय?"
मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांच्याही लक्षात आलं. निरांजनाची वात उगाच पुढं-मागं करत राहिल्या.

पक्षात नवी वस्तू घरात येऊ न देणारी बाई, सर्वपित्रीच्या दिवशी, चुलीपुढं बसून माझ्यासाठी खोटं बोलली. मला भरून आलं. आणि लगेच दुसरं. कुंकू त्यांचं नाही, तर बोर्डावर आलं कुठनं? मग मंजुनाथनं ते खोटं गपगुमान घेतलं कसं? चोर म्हणून, का माझी लाज राखायला?

"व्हय आत्ती, उघडतंय," म्हटलं. त्यांनी बोटाला कुंकू लावलं, पण टेकवायचं कुठं ते कळेना. मी त्यांचं बोट धरून जुन्या ठिपक्यावरच टेकवलं.

उद्या दसरा. सोनं द्यायला मं.च्या दुकानात जायला पाहिजे. खोक्याचं विचारू का... बघू.